फोनचा कारखाना येतो आणि जातो, तेव्हा कोण कुणाचं देणं लागतं?

15 मे 2025 रोजी दोह्यातल्या उद्योगपतींच्या बैठकीत अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सांगितलं की, अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांच्याशी आपलं जरा वाजलं आहे आणि त्यांनी भारतात कारखाने उभारावेत हे आपल्याला नको आहे. आठवडाभरात पुढची धमकी आली: अमेरिकेत विकायचा आयफोन अमेरिकेत बनला नाही, तर 25 टक्के आयात शुल्क. आपल्याकडे साहजिकच संताप झाला.

माझी भाची शिरूरला डिप्लोमा करते. घराजवळच्या रांजणगाव एमआयडीसीत नोकरी मिळावी अशी तिची इच्छा आहे. तिने मला फोनवर विचारलं, "मामा, कंपनी त्यांची, पैसा त्यांचा. कुठे कारखाना काढायचा हे त्यांनीच ठरवायचं ना? यात बरोबर-चूक कुठून आलं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द आउटसोर्सिंग. आपलं काम आपल्या माणसांकडून करून न घेता दुसऱ्या कंपनीला कंत्राटाने देणं. दुसरा ऑफशोअरिंग. काम आपल्या देशातून उचलून परदेशात नेणं. कंपनी परदेशात स्वतःचा कारखाना काढते तेव्हा ते नुसतं ऑफशोअरिंग असतं. फोन, लॅपटॉप, चार्जर यांच्या धंद्यात मात्र बहुतेक वेळा दोन्ही एकत्र होतं: काम परदेशातही जातं आणि परक्याच्या हातातही. नाव एका कंपनीचं, कारखाना दुसरीचा, कामगार कित्येकदा तिसऱ्याच ठेकेदाराचे.

मराठी माणसाला हे नवं नाही. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबला, गिरण्यांचे भोंगे बंद पडले, पण कापड विणलं जायचं थांबलं का? नाही. ते भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जात राहिलं. तिथे ना युनियन होती ना गिरणीतल्या सवलती. पाळी बारा तासांची. गिरणगावातलं काम संपलं नव्हतं, ते फक्त चाळीस-पन्नास किलोमीटर सरकलं होतं, आणि सरकताना पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे सगळं वाटेत गळून पडलं होतं. परळ ते भिवंडी या अंतराऐवजी कॅलिफोर्निया ते चीनमधलं शेनझेन हे अंतर धरा, आजचा प्रश्न बराचसा कळेल.

अ‍ॅपलनेही 1984 साली आपल्या मॅकिंटॉश संगणकासाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये कारखाना काढला होता. 2004 पर्यंत अमेरिकेतल्या स्वतःच्या कारखान्यांतली जोडणी तिने थांबवली. पुढे आयफोन आला तो आशियातल्या कंत्राटदारांच्या हातून.

एका कंपनीचे तीन कारखाने

हा प्रश्न मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो नोकियाच्या गोष्टीत. एकेकाळी आपल्या प्रत्येकाच्या घरात तिचा फोन होता, म्हणून तीच घेऊ.

जर्मनीत बोखुम नावाचं शहर आहे. कोळसा आणि पोलादाच्या जुन्या पट्ट्यातलं. तिथल्या नोकियाच्या कारखान्यात 2,300 माणसं काम करत होती. कारखाना टिकावा म्हणून सरकारने कंपनीला अनुदानही दिलेलं होतं. जानेवारी 2008 मध्ये कंपनीने जाहीर केलं की, जर्मनीतली मजुरी परवडत नाही, कारखाना बंद करून काम रोमानियात नेणार. आदल्याच वर्षी, म्हणजे 2007 मध्ये, कंपनीला 7 अब्ज युरोंहून अधिक निव्वळ नफा झाला होता. लोक चिडले ते यामुळे. बुडणारी कंपनी खर्च कापते हे कुणालाही समजतं. भरभराटीत असलेली कंपनी तेच करते तेव्हा कामगाराच्या मनात एकच प्रश्न येतो, आम्ही कुठे कमी पडलो? आणि त्याचं उत्तर 'कुठेच नाही' असं असतं.

रोमानियात क्लुज शहराजवळ जुकू नावाचं गाव आहे. 2008 साली तिथे नवा कारखाना सुरू झाला. गावाला वाटलं, आपलं नशीब उघडलं. सप्टेंबर 2011 मध्ये कंपनीने तोही बंद करायचं जाहीर केलं, आता काम आशियात नेणार म्हणून. साडेतीन-चार वर्षांत सगळा खेळ आटोपला. तिथेही दोन हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या.

आणि आशियात म्हणजे कुठे? एक ठिकाण आपल्याकडचंच होतं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना 2006 पासून सुरू होता. भरात असताना तिथे सुमारे 8,000 माणसं थेट कामावर होती, आसपास सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांमध्ये आणखी कित्येक हजार. त्यात मोठा भरणा होता तो खेड्यांतून कंपनीच्या बसने येणाऱ्या, विशीतल्या मुलींचा. घरातला पहिला नियमित पगार आणणाऱ्या मुली.

पुढे एकामागून एक घाव बसले. स्मार्टफोन आले आणि नोकिया मागे पडली. 2013 मध्ये प्राप्तिकर खात्याने सॉफ्टवेअरच्या मोबदल्यावरून 2,000 कोटींहून अधिक कराची मागणी केली, राज्य सरकारच्या विक्रीकर खात्याचीही मोठी मागणी आली, मालमत्तेवर टाच आली. एप्रिल 2014 मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टने घेतला, पण करवादामुळे हा कारखाना त्या व्यवहारातून बाहेर राहिला. काही महिने मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटाने काम झालं आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी उत्पादन थांबलं. त्याच वर्षाच्या अखेरीस शेजारचा, दुसऱ्यांचे फोन कंत्राटाने जोडून देणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीचा कारखानाही बंद झाला, कारण त्याचं मोठं गिऱ्हाईक नोकियाच होतं.

श्रीपेरुंबुदूरच्या बंदीचं सगळं खापर एकट्या कंपनीवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. सरकारच्या करखात्यांचाही त्यात वाटा होता. मात्र कर कुणी किती द्यायचा हा वाद कंपनी आणि सरकारमधला होता, आणि त्याची किंमत या दोघांव्यतिरिक्त तिसऱ्यानेच मोजली.

मजुरी एवढी महत्त्वाची असते का?

फोन परदेशात बनतो तो स्वस्त मजुरीसाठी, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे.

2010 च्या सुमारास अर्थतज्ज्ञांनी आयफोनच्या किमतीची उकल केली. चीनमधून अमेरिकेत जाणाऱ्या आयफोन 3जीचा कारखान्यातला खर्च सुमारे 179 डॉलर होता, आणि त्यातला जोडणीचा खर्च होता अवघा साडेसहा डॉलर. बाकीचा पैसा जपान, जर्मनी, कोरिया, अमेरिकेतल्या सुट्या भागांच्या कंपन्यांकडे जात होता. पुढच्या आयफोन 4चा अभ्यास दुसऱ्या संशोधकांनी केला. विक्रीच्या किमतीतला 58 टक्क्यांहून अधिक वाटा अ‍ॅपलच्या नफ्याचा निघाला, तर चीनमधल्या मजुरीचा 1.8 टक्के.

तैवानच्या एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे एका रेघेत दाखवलं होतं. डावीकडे कल्पना, संशोधन, आराखडा. उजवीकडे ब्रँड, जाहिरात, विक्री. मधे कारखान्यातली जोडणी. कशात किती कमाई हे दाखवणारी रेघ काढली तर दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली, हसऱ्या ओठांसारखी. कांद्याचा शेतकरी आणि शहरातलं दुकान यांच्यात भाव कुठे वाढतो हे पाहिलेल्याला ही रेघ समजावून सांगावी लागत नाही.

मग मजुरीचा वाटा इतका कमी असताना काम परदेशात का जातं? कारण एव्हाना कारखान्याभोवतीचं सगळं गावच तिकडे वसलं आहे. स्क्रू बनवणारा, काच कापणारा, साचे बनवणारा, बॅटरी देणारा, सगळे तासाभराच्या अंतरावर. चीनमध्ये आपण मजुरीसाठी नाही, कौशल्यासाठी आहोत, असं टिम कुक यांनी 2017 मध्ये सांगितलं होतं. नाशिकची द्राक्षं आणि इचलकरंजीचं कापड जसं एका कारखान्याने उचलून नेता येत नाही, तसंच ते आहे.

"पगार वाढवला तर फोन महाग होईल"

आता आकडे हाताशी आहेत, तर हा आक्षेप लगेच तपासू. आयफोन 4 च्या हिशेबात किंमत 549 डॉलर धरली होती. तिचे 1.8 टक्के म्हणजे साधारण दहा डॉलर. म्हणजे चीनमधल्या सगळ्या कामगारांची मजुरी दुप्पट केली असती, तरी एका फोनमागे खर्च दहा डॉलरने वाढला असता. साडेपाचशेच्या फोनमागे दहा. तो कंपनीच्या नफ्यातूनही सहज निघाला असता. जोडणाऱ्या मुलीला पुरेसा पगार देणं परवडत नाही, हे कारण निदान महागड्या फोनच्या बाबतीत टिकत नाही. स्वस्त फोनमध्ये नफा पातळ असतो, तिथे ताण खरा असतो, हेही मान्य करायला हवं.

कारखाना कंत्राटदाराचा, मग जबाबदारी कुणाची?

या विषयाची गाठ इथे आहे. ती सोडवायला आपण बीडला जाऊ.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालन्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम त्यांना उचल देतो, ट्रॅक्टरमध्ये घालून कारखान्याच्या हद्दीत नेतो. तोडीचा दर, गाडी कधी भरायची, ऊस कधी लागणार, हे कारखान्याच्या चक्रावर ठरतं. पण फडात बाई आजारी पडली, पालावर प्यायला पाणी नाही, मजुरी बुडाली, तर कारखाना म्हणतो, ही माणसं आमची नाहीत, मुकादमाची आहेत. बीडमधल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं. खाडा झाला की मजुरी कापली जाते, ही भीती त्यामागे होती. तो नियम कागदावर कुठल्या साखर कारखान्याने लिहिलेला नव्हता. तरीही ती भीती ज्या घाईतून आली, ती घाई कारखान्याचीच होती.

मोबाइलच्या धंद्यात ब्रँड हा साखर कारखाना, जोडणी करणारी कंपनी हा मोठा मुकादम, आणि तिला माणसं पुरवणारे ठेकेदार हे छोटे मुकादम.

2010 मध्ये शेनझेनमधल्या फॉक्सकॉनच्या अवाढव्य वसाहतीत एकामागून एक तरुण कामगारांनी आत्महत्या केल्या. त्या एका वर्षात किमान 14 जीव गेले. कंपनीने इमारतींना जाळ्या लावल्या आणि पगार वाढवले. 900 युआनचा मूळ पगार जूनमध्ये 1,200 झाला. 2012 मध्ये अ‍ॅपलच्या संमतीने एका स्वतंत्र संस्थेने फॉक्सकॉनचे तीन कारखाने तपासले. गर्दीच्या काळात आठवड्याला साठ तासांहून जास्त काम चालल्याचं तिला आढळलं. चीनच्या कायद्यात महिन्याला 36 तासांहून जास्त ओव्हरटाइम चालत नाही. कायदा चांगला होता, पण लाइनवर त्याला कुणी विचारत नव्हतं.

हे तास कसे वाढतात ते पाहा. नवा फोन सप्टेंबरमध्ये बाजारात यायचा असतो. आराखडा शेवटच्या क्षणी बदलतो, मागणीचा अंदाज बदलतो, तारीख मात्र हलत नाही. कंत्राटदाराचा नफा शेकड्याला दोन-तीन रुपयांचा. मग तो कायम माणसं ठेवत नाही. दोन महिन्यांसाठी हजारो हंगामी माणसं भरतो, बाकीच्यांना ओव्हरटाइमला बसवतो आणि काम ओसरलं की हंगामींना घरी पाठवतो. वाकड्या वाटेने जातो तो कंत्राटदार, पण त्याला त्या वाटेवर ढकलतात भाव आणि तारीख, आणि त्या दोन्ही ठरवतो ब्रँड. ज्याच्या हातात भाव आणि तारीख आहे, त्याची जबाबदारी कंत्राटदाराच्या फाटकापाशी संपते, हे मला पटत नाही. माझ्या साऱ्या म्हणण्याचा गाभा एवढाच आहे.

भारतातही हेच दिसलं. 12 डिसेंबर 2020 रोजी कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या नरसापूरला विस्ट्रॉन या अ‍ॅपलच्या कंत्राटदाराच्या आयफोन कारखान्यात रात्रपाळी सुटल्यावर कामगारांनी मोडतोड केली. तक्रार होती कापलेल्या आणि थकलेल्या पगाराची. तोडफोडीचं समर्थन मी करणार नाही. पण सरकारी तपासणीत निघालं काय? थोड्याच काळात कामगारांची संख्या 5,000 वरून 10,500 वर नेली गेली होती आणि एवढ्या माणसांची हजेरी, पगार सांभाळण्याची तयारीच नव्हती. बहुतेक माणसं ठेकेदारांची होती. कंपनीने चूक मान्य केली, अ‍ॅपलने सुधारणा होईपर्यंत नवं काम देणं थांबवलं.

वर्षभराने, डिसेंबर 2021 मध्ये, श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉनमध्ये काम करणाऱ्या अडीचशेहून अधिक मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. 159 जणींना रुग्णालयात न्यावं लागलं. मैत्रिणींचं काय झालं हे कळेना, म्हणून मुली चेन्नई-बंगळुरू महामार्गावर येऊन बसल्या. तेव्हा बाहेर आलं की, दाटीवाटीच्या खोल्यांत त्या जमिनीवर झोपत होत्या आणि काही ठिकाणी संडासात पाणीही नव्हतं. अ‍ॅपलने स्वतःच्या तपासणीनंतर, काही वसतिगृहं आणि भोजनगृहं आपल्या निकषांत बसत नाहीत हे मान्य केलं. निकष होते, ते तपासणारी माणसंही होती. तरी मुलींना रस्त्यावर यावं लागलं.

सीएसआर म्हणजे ही जबाबदारी नव्हे

आपल्याकडे कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हटलं की सीएसआर आठवतो. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. शाळेला बाकं, गावाला पाण्याची टाकी, रुग्णवाहिका. कामं चांगली आहेत, व्हायलाच हवीत. पण नफा कमावून झाल्यावर त्यातलं थोडं देणं वेगळं आणि तो नफा कसा कमावला याचं उत्तर देणं वेगळं. गावाला टाकी बांधून देणाऱ्या कंपनीच्या वसतिगृहात पाणी नसेल, तर सीएसआरचा अहवाल तरीही बिनचूक असू शकतो.

2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने याबद्दलची तत्त्वं मंजूर केली. सरकारने माणसाच्या हक्कांचं रक्षण करावं, कंपनीने आपल्या पुरवठादारांच्या साखळीतही ते पाळले जातात हे पाहावं, आणि नुकसान झालं तर माणसाला दाद मागता यावी. पण तत्त्वांना दात नसतात. जर्मनीने 2023 पासून मोठ्या कंपन्यांना हे कायद्यानेच बंधनकारक केलं. युरोपीय संघानेही 2024 मध्ये तसा कायदा केला, आणि वर्षभरातच तो सौम्य करण्याच्या हालचाली सुरू झाल्या.

आपल्याच राज्यातलं एक पाऊल मला इथे महत्त्वाचं वाटतं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे 10 रुपये घ्यायचं राज्य सरकारने ठरवलं. मजूर मुकादमाचा असला तरी गाळलेल्या उसाच्या टनाशी त्याचा हिशेब जोडता येतो, हे यातून मान्य झालं. टनाशी जोडता येतो, तर फोनशीही जोडता येईल.

"गरिबांना काम मिळतंय, मग तक्रार कशाची?"

हा आक्षेप मी सगळ्यांत गांभीर्याने घेतो, कारण तो खरा आहे. तमिळनाडूतल्या विल्लुपुरमच्या किंवा तिरुवन्नामलईच्या खेड्यातल्या मुलीसमोर फोनच्या कारखान्याऐवजी काय पर्याय असतो? दुसऱ्याच्या शेतातली रोजंदारी, किंवा बारावी झाली की लग्न. पगाराने तिच्या हातात पैसा येतो, घरात तिच्या शब्दाला वजन येतं. चीनमध्ये कोट्यवधी माणसं अशाच कारखान्यांतून दारिद्र्यातून वर आली. कारखाना येऊच नये असं म्हणणाऱ्याने त्या मुलीला पर्याय द्यावा.

पण 'काही नसण्यापेक्षा बरं' या मापाने मोजायला लागलं की कशालाही माफी मिळते. मुंबईत 1982 नंतर ज्या गिरणी कामगाराने वडापावची गाडी लावली किंवा रात्रपाळीचा वॉचमन झाला, त्यालाही काही नसण्यापेक्षा काहीतरी मिळालंच होतं.

दुसऱ्या बाजूचा कामगारही विसरता येत नाही. बोखुमच्या पन्नाशीतल्या फिटरची नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या मुलीने चोरलेली नव्हती. दोघांना एकमेकांसमोर उभं करणारा तिसराच असतो. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री म्हणाले होते की, लाखो माणसं बसून आयफोनचे बारीक स्क्रू पिळतात ते काम अमेरिकेत येईल, आणि लगेच पुढे म्हणाले की, इथे ते यंत्रं करतील. म्हणजे भारतातून काढलेलं काम अमेरिकन कामगाराच्या हातात पडेलच असंही नाही.

"कंपनीचं काम नफा कमावणं"

अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 मध्ये लिहिलेला एक लेख या बाजूने नेहमी पुढे केला जातो: व्यवसायाची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढवणं. पण त्याच लेखात त्यांनी अट घातली होती, ती मात्र सांगितली जात नाही. समाजाचे मूलभूत नियम पाळून, कायद्यातले आणि नीतीच्या रूढीतलेही.

आणि नियम बनवण्यातच कंपन्यांचा हात असेल तर? 2023 मध्ये कर्नाटकाने कारखान्यांत 12 तासांच्या पाळीला वाट करून दिली. यासाठी अ‍ॅपल आणि फॉक्सकॉन यांनी पाठपुरावा केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. तमिळनाडूनेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये असंच विधेयक मंजूर केलं, कामगार संघटना आणि मित्रपक्ष खवळले आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही कारखान्यातले दिवसाचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. रांजणगावातल्या नोकरीची वाट पाहणाऱ्या माझ्या भाचीला तमिळनाडूच्या बातम्या दूरच्या वाटतात, ही बातमी तिच्या घरातली आहे.

"अटी घातल्या तर कारखाना शेजारच्या राज्यात जाईल"

सप्टेंबर 2022 आठवा. वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा दीड लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार असं वाटत असताना तो गुजरातला जात असल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. कुणामुळे गेला, कुणी काय सवलती देऊ केल्या, यावर महिनोन्‌महिने बोललं गेलं. तिथे किती जण कायम असतील, किती कंत्राटी, यावर फार थोडं. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली आणि प्रकल्प ना इथला राहिला ना तिथला.

लिलावात दोन राज्यं बोली लावतात तेव्हा पैसा तुमचा-माझाच असतो. केंद्राच्या उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेतून, म्हणजे पीएलआयमधून, मोबाइल कंपन्यांना वाढीव विक्रीवर 4 ते 6 टक्के रक्कम मिळाली. तिच्या अटी गुंतवणूक आणि विक्री किती वाढली यांच्या होत्या. जनतेचा पैसा द्यायचा, तर किती कामगार कायम, वसतिगृह कसं, कारखाना ठरलेल्या वर्षांआधी गेला तर सवलतीची किती रक्कम परत, हे करारात लिहून घेणं आपल्या हातात आहे. ही अट सगळ्या राज्यांना केंद्रानेच एकसारखी घातली, तर शेजारी पळण्याची वाटही बंद होते.

जाण्याचीही एक रीत असते

लग्नातला मांडव परतवणं जसं ठरलेलं असतं, तसं कारखान्याचं निघणंही आधी ठरलेलं असायला हवं. बोखुममध्ये कामगारांना 20 कोटी युरोंची भरपाई मिळाली. ती कंपनीची मेहेरबानी नव्हती. जर्मन कायद्यात कामगारांच्या परिषदेशी बोलणी करून भरपाईची योजना ठरवल्याशिवाय कारखाना बंद करता येत नाही. अनुदानाबद्दल राज्य सरकारशीही तडजोड करावी लागली. जुकूच्या आणि श्रीपेरुंबुदूरच्या कामगारांच्या हातात एवढी ताकद नव्हती. कंपनी एकच, तिची मूल्यं तीच. वागणूक बदलली ती तिथल्या कायद्याप्रमाणे आणि युनियनच्या बळाप्रमाणे.

आपल्या कायद्यात कपातीची भरपाई सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराएवढी आहे. महिना 12,000 रुपये पगारावर पाच वर्षं काढलेल्या मुलीला ती साधारण 30-35 हजार पडते. तेही ती कायम असेल तर. ट्रेनी आणि ठेकेदाराच्या माणसाला बहुधा बसचा पास परत करावा लागतो, एवढंच. नोकियाने श्रीपेरुंबुदूरला स्वेच्छानिवृत्तीची रक्कम कायद्याहून जास्त दिली आणि हजारोंनी ती घेतली. पण विशीतल्या मुलीने 'स्वेच्छेने' निवृत्त व्हायचं, या शब्दातच काय ते दिसतं.

म्हणूनच सप्टेंबर 2024 मध्ये श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यातले कामगार 37 दिवस संपावर बसले तेव्हा त्यांची मुख्य मागणी युनियनला मान्यता द्या ही होती. पगारवाढ एकदा मिळते आणि महागाईत विरते. बोलणी करायला बसण्याचा हक्क असेल, तर कारखाना जातानाही तुम्हाला विचारावं लागतं. पुढे जानेवारी 2025 मध्ये त्यांच्या युनियनची नोंदणी झाली.

जुकूची इमारत नंतर कॉफीची यंत्रं बनवणाऱ्या इटालियन कंपनीने घेतली. श्रीपेरुंबुदूरची नोकियाची इमारत काही वर्षं ओस पडली होती, ती सालकॉम्प या चार्जर बनवणाऱ्या कंपनीने घेतली आणि तिथे पुन्हा पाळ्या सुरू झाल्या. रस्त्यावर पुन्हा कंपन्यांच्या बसगाड्या दिसतात. 2014 मध्ये नोकियाच्या लाइनवर ज्या मुली बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या, त्या आता तिशी ओलांडलेल्या, बहुतेक लग्न झालेल्या बायका आहेत. जून 2024 मध्ये त्याच पट्ट्यातल्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात जोडणीच्या कामावर विवाहित स्त्रियांना घेतलं जात नसल्याची बातमी आली. कंपनीने भेदभावाचा आरोप नाकारला, केंद्राने राज्याकडून अहवाल मागवला. भाचीने ती बातमी वाचून मला दुसरा प्रश्न विचारला, "मग तिथे काम करायचं किती वर्षं, मामा?"

मी तिला सांगितलं, मुलाखतीला गेलीस की हाच प्रश्न त्यांना विचार, आणि उत्तर कागदावर माग.